सतराचा पाढा अन् मोबाईलचा कॅमेरा

गुरुजी, तुमी असते तर आज तुमच्या दारात येऊन भांडली असती मी. पोरीचा पेपर मधातच बंद केला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाले आहे ती, येस्टीनं कारंजाले जाते. गणिताची परीक्षा मोबाईलवर, घरूनच. मोबाईल पिठाच्या डब्याले टेकवला, कॅमेरा चालू, दार लावलेलं, आत पोरगी एकटी. थोड्या वेळानं रडतच बाहेर आली. "ओठ हलले, आवाज आला, म्हणून मी कोणासंग तरी बोलून राह्यली म्हणते ते पेपरवर नजर ठेवणारं मोबाईलमधलं मशीन. बाद केलं." "अन् कोणासंग बोलत होती?" "कोणासंगच नाही वं माय! सतराचा पाढा म्हणत होती."

तो पाढा मी शिकवला तिले, चुलीपाशी बसवून. मले तुमी. चौथीपर्यंतच आली मी शाळेत, पण ते दिवस अजून अंगावर आहेत. तुमी फोक घेऊन रांगेतून फिरून राह्यले, सारा वर्ग ओरडून राह्यला, सतरा आठे छत्तीसासे, अन् मी नुसते ओठ हलवते. फोक पोटरीवर बसते. "आवाज कुठं गेला? मनात म्हणशील तर मनातच राहील!" ते मी धरून ठेवलं. पोरगी मुकाट बसली का मी तिले चिमटा काढायची. आता तुमीच सांगा, आवाज नाही म्हणून मले मारलं, आवाज आला म्हणून तिले चोर ठरवलं. कराचं काय आमी? हिशोब करताना माणूस पुटपुटते, एवढंही त्या मशीनले समजत नाही, अन् ते आमच्या पोरीची अक्कल मोजते!

सोमवारी पुन्हा बसवतो म्हणे कॉलेजवाले. पुन्हा ओठ हलले तर वर्ष गेलं. म्हणून पोरगी तोंडात पाण्याचा घोट धरून गणितं सोडवून राह्यली. पाढ्यात अडकली का पाणी गिळते, अन् मंग गणितच हुकते. "हे कायले शिकवलं मले?" म्हणते.

तुमाले जाऊन जमाना झाला, हे कागद कुठं पाठवू? खरं सांगते, काल कॉलेजच्या सरचा फोन आला होता. चांगलं सुनवाचं ठरवून बसली होती मी, पोरगी समोरच. तो म्हणाला, "मुलीला जरा समज द्या." मी म्हटलं, "हव सर." खाटेवरून उठून, उभी राहून म्हटलं, गुरुजी.