आईला बरं कर

ताई,

आज लाँड्रीत लवकर बोलावलंय असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. कामाची पाळी नेहमीचीच आहे. प्रार्थनेला बसायचं टाळून निघालोय.

दूध तापवून ठेवलंय. तुझ्या ऑफिसच्या शर्टाला इस्त्री केली आहे. कॉलर जरा जास्तच कडक झाली, मान जपून वळव.

आई गेल्यावर चर्चचे पाळक म्हणाले होते, रोज बसा, शब्द सुचले नाहीत तरी बसा. म्हणून आपण स्वयंपाकघरात बसतो. मी बोलतो, तू आमेन म्हणतेस. खरं सांगायचं तर मला आत काहीच होत नाही. मशीनमध्ये कपडे टाकावेत तसे शब्द टाकतो, ते आपले फिरत राहतात.

काल बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "प्रभू, आईला बरं कर." तिच्या आजारपणात रोज म्हणायचो, तीच सवय. माझ्या लक्षात येईपर्यंत तू आमेन म्हणून उठलीही होतीस, कप विसळत होतीस. तू ऐकलंस की नाही, हे विचारायचा धीर झाला नाही. दिवसभर चादरींना इस्त्री करताना तेवढंच डोक्यात होतं. रडू मात्र आलं नाही.

आज संध्याकाळी बसू. पण या वेळी तू बोल. जे तोंडात येईल ते बोल, चुकलीस तरी थांबू नकोस.

आमेन मी म्हणेन.

धाकटा