शांततेची पाटी

४ मार्च
आज वाचनालयाची पाहणी झाली – आणि आम्ही स्वतःच्याच हाताने घात करून घेतला.

पालिकेला कर भरायच्या खिडक्यांसाठी तो हॉल हवाय. वाचनालय ‘पर्यायी जागा मिळेपर्यंत’ बंद. असल्या ‘पर्यंत’ना अंत नसतो, हे बातम्या लिहून लिहून मला पाठ आहे. म्हणून आठवडाभर दारोदार फिरलो, वाचकांना विनवलं – पाहणीला या. आले! शिंपीणबाई दुकान बंद करून, गणिताचे निवृत्त मास्तर कडक इस्त्रीत, परीक्षेला बसणाऱ्या मुली झाडून सगळ्या. नगराध्यक्ष कमिटीसकट जिना चढून आले, गर्दी पाहून खूश झाले. म्हणाले, “बोला मंडळी, कुणाचं काही म्हणणं?”

कुणी बोलेना.

भिंतीवर पाटी – ‘शांतता राखा’. तिच्याखाली खुद्द ग्रंथपाल, म्हणजे आमची ताई, हातात पेन्सिल. ती पेन्सिल टेबलावर टकटकली की आलेला खोकलासुद्धा माघारी जातो! मास्तरांनी तोंड उघडलं, पाटीकडे पाहिलं, मिटलं. शिंपीणबाईंनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, कमिटीला उमगेना. आणि मी? सभा गाजवणारा वार्ताहर – कुजबुजलो!

जिना उतरताना एक सदस्य म्हणाले, “चला, कुणाची हरकत दिसत नाही.”

मौनं सम्मतिलक्षणम्. एवढं संस्कृत शिकलो, ते असं अंगावर यावं!

५ मार्च
ताई जेवली नाही. अख्खा जन्म त्या हॉलमध्ये गेला तिचा. घरीही हळूच बोलते. लहानपणी मला रागवायची तीही दबक्या आवाजात. आज म्हणाली, “मीच सगळ्यांना मुकं केलं रे.”

“छे गं, वाचणारी माणसं मुळातच भित्री.”

हसली नाही. ताटावर झाकण घालून उठलो.

९ मार्च
भरदुपारी नगराध्यक्ष आले. एकटे! पाहणीच्या दिवशी पेन विसरलं होतं म्हणे. ताईने ते जपून ठेवलं होतं, दिलं. तेवढ्यात कुणी अर्जदार पाठलाग करत वर आला – “साहेब, आमच्या नळाचं...”

टक.

अर्जदार गप्प. पाटी वाचली, पाय वाजू न देता निघून गेला. तहानलेल्याने माठाकडे पाहावं तसं नगराध्यक्षांनी त्या पेन्सिलीकडे पाहिलं. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्या आड झोपी गेले. वर्तमानपत्र आमचंच होतं. आमच्या लेखनाचा गुण!

१२ मार्च
आता रोज येतात.

“तासभर एकच पान धरून बसतात रे,” ताई.

“सखोल वाचन म्हणतात त्याला.”

आज हसली. पण दुपारी पाहिलं – त्यांच्या तोंडावर ऊन यायला लागलं तशी उठली आणि पडदा अर्धा ओढून आली. ज्याच्या सहीने तिचं दार बंद व्हायचंय, त्याच्यासाठी!

१७ मार्च
जिन्यात त्यांना गाठलं. जिन्यात बोलायला मुभा आहे.

“साहेब, वाचनालयाचं काय?”

“अहो, मला हवंच आहे ते! घरात माणसं, दारात माणसं, मोटारीत माणसं. इथे कुणी काही मागत नाही मला. पण कमिटीत काय सांगू, झोप छान लागते म्हणून? लोकांनी तोंड उघडायला हवं. पुढच्या मंगळवारी पुन्हा आणतो सगळ्यांना. आता तरी बोला, वार्ताहर!”

ताईला सांगितलं. पेन्सिलीला टोक काढत बसली. टोक होतंच.

२२ मार्च
मास्तरांची तालीम घेतली. बागेत वाघ! वाचनालयाच्या उंबऱ्यावर मांजर.

२४ मार्च, मंगळवार
तोच हॉल, तीच कमिटी, तोच प्रश्न – “कुणाचं काही म्हणणं?”

मास्तर उभे राहिले. पाटीकडे नजर गेली. खाली बसले. एक सदस्य घड्याळ बघायला लागले.

आणि ताई उठली. स्टूल ओढलं – कर्रर्र! त्या हॉलमध्ये एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर चढली, पाटी काढली, छातीशी धरली.

“बोला ना रे! बोला!”

ओरडली! ताई ओरडली. आवाज मध्येच फाटला.

मास्तर म्हणाले, “बायको गेल्यापासून घरची शांतता सोसवत नाही हो मला. इथली सोसवते.” मग शिंपीणबाई – “एका खोलीत माझी मशीन आणि पोरींचा अभ्यास? बसवून दाखवा तुम्हीच!” मग मुली, मग सगळेच एकदम. कुणाचं कुणाला ऐकू येईना. कमिटीतल्या एकाने कानांवर हात ठेवले. मी एक अक्षर टिपून घेतलं नाही. ओरडत होतो.

ताई अजून स्टुलावरच. रडत होती. तेवढं मात्र बिनआवाजाचं.

२६ मार्च
हॉल वाचला. कराच्या खिडक्या दुसरीकडे.

दुपारी नगराध्यक्ष आले. कुणाशी काही न बोलता स्टूल उचलून आणलं – ओढलं नाही! – वर चढले आणि पाटी स्वतः टांगली. वाकडी. ताईने पेन्सिलीने खूण केली – जरा डावीकडे.