कांग पार्दियोंचं मंगळवारचं मरण

केडुंगसारी, वोनोगिरी
रुवाह महिना, शनिवार

आदरणीय कांग पार्दियो यांस धाकट्या बहिणीचा, वार्सिनीचा, सलाम.

तुम्ही, रात्मीवहिनी आणि मुलं तिकडे समारिंडात सुखरूप असाल अशी आशा आहे. (ही ओळ रीत म्हणून लिहिलेली नाही. तुम्ही सुखरूप आहात की नाही, यावर गेल्या मंगळवारी सकाळपासून दुपारपर्यंत आपल्या गावात मतभेद होते.) तुमचं बाक्सोचं दुकान जोरात चालत असेल, मांसाचे गोळे आणि सूप वाडग्यांत भरता भरता मान वर करायला फुरसत नसेल, हे मला ठाऊक आहे, कारण तुमच्या फोनने ते स्वतः सगळ्या आळीसमोर सांगितलं. त्यावर येतेच. इकडे मी बरी आहे, शेळ्या बऱ्या आहेत. आपली आई, आपली सिम्बोक, शहाऐंशीची झाली, कानाला कमी आणि डोळ्याला त्याहून कमी, पण आई म्हणून अजून ठणठणीत आहे. झाल्या प्रकारातलं तिला काहीही कळलेलं नाही, तेव्हा तिची काळजी करू नये.

हे पत्र आदराने लिहायचं असं ठरवून मी बसले आहे. मोठ्या भावाला, कांगला, अहो-जाहो करायची आपल्याकडची रीत आहे आणि ती मी शेवटपर्यंत पाळणार आहे. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की, 'करून बघ वार्सी, करता करता येतं' हे वाक्य तुम्हाला कोणी शिकवलं? सहा ईदी झाल्या. सहाही वेळा तुम्ही आला नाहीत आणि सहाही वेळा तुमच्या जागी एक खोकं आलं. पहिल्या वर्षी भाताचं भांडं, मग पंखा, मग मिक्सर, मग कपडे धुवायचं यंत्र, मग तो जमिनीवरून आपला आपण फिरणारा झाडू, आणि गेल्या वर्षी फोन. प्रत्येक खोक्यावर तुमची चिठ्ठी, आणि चिठ्ठीत तेच वाक्य. भाताच्या भांड्यात मी आपल्या पद्धतीने आधी भात अर्धा शिजवून घेतला आणि मग घातला, त्याची खळ झाली, ती मी वहीचे फाटलेले पुठ्ठे चिकटवायला वापरली. फिरत्या झाडूवर आमची खुडूक कोंबडी जाऊन बसली ती उठेना, दोन दिवस ओसरीवर फिरत होती, शेजारची माणसं बघायला येत होती. हे सगळं मी हसून सोडून दिलं. पण कपडे धुवायच्या यंत्रात मी सिम्बोकचं लग्नातलं बाटिक घातलं. रिठ्याच्या पाण्याशिवाय ज्याला कधी काही लागलं नव्हतं असं पासष्ट वर्षांचं कापड. चाळीस मिनिटांनी झाकण उघडलं तर आत राखाडी पाणी आणि राखाडी फडकं. सिम्बोक हाताने चाचपून म्हणाली, "मऊ झालंय." तेव्हा मला तू हवा होतास समोर, कांग. दोन कानाखाली द्यायला. (तू म्हटलं. म्हटलं तर म्हटलं. आता असंच लिहिते.)

करून शिकायला माझा विरोध नाही. मी तेम्पे करायला तशीच शिकले. सोयाबीन किती उकडायचं, किती चोळायचं, पानात बांधताना हाताला किती ऊब लागली पाहिजे, हे कुठे लिहिलेलं नाही. पहिल्या महिन्यात मी इतकं नासवलं की शेळ्यासुद्धा तोंड फिरवायच्या. पण सिम्बोक शेजारी बसलेली असायची, रे. मी चुकले की मनगटावर चापट मारायची आणि बरोबर केलं की काही बोलायची नाही, तेवढ्यावरून कळायचं. करता करता येतं, पण शेजारी कोणीतरी बसलेलं लागतं. हजार कोसांवर बसून चिठ्ठी लिहिणाऱ्याने हे वाक्य तोंडातून काढू नये. तू स्वतः बाक्सो वळायला शिकलास ते बापूंच्या मांडीला मांडी लावून, हे विसरलास.

तर मंगळवार. तू सोमवारी फोन करून कळवलंस की याही ईदेला जमत नाही, पण भांडी घासायचं यंत्र पाठवतोय. मी 'बरं' म्हटलं. तुला माझं 'बरं' अजून कळत नाही. रात्रभर माझं डोकं तापलेलं होतं. सकाळी आठ वाजता मी ओसरीवर फोन घेऊन बसले. आळीत कोणी गेलं तर ग्रुपवर कळवायचं काम आळीप्रमुख पाक वागिमान यांनी माझ्याकडे दिलंय, कारण आळीत सगळ्यात नवा फोन माझा. (ही तुझीच कृपा.) मजकूर ठरलेला असतो: अमका, वय इतकं, अमक्याचा मुलगा, अल्लाघरी गेला, दफन इतक्या वाजता. जुन्या निरोपात नवं नाव घालायचं, एवढंच. ते मला जमत नव्हतं, म्हणून सराव करायला घेतला. करता करता येतं ना! आता सरावाला कोणाचं तरी नाव हवं. मी तुझं घातलं. मनात काही वाईट नव्हतं. (होतं. थोडं होतं.) पार्दियो, वय बासष्ट, दफन दुपारी दोन वाजता. सगळं बिनचूक उतरलं, इतका आनंद झाला की कोपऱ्यातला बाण दाबला. मला वाटलं, बाण म्हणजे पुढच्या ओळीवर जा.

निरोप गेला. पण मी घाबरले नाही. वागिमानांनी शिकवलं होतं, बोट दाबून धरलं की पुसता येतं. धरलं. फोनने विचारलं, सगळ्यांसाठी पुसू की तुमच्यापुरतं पुसू? आता तू सांग, आपण कुठल्या घरातली माणसं? चूक माझी, आणि त्यापायी सगळ्या आळीला त्रास द्यायचा? एकशे चाळीस लोकांच्या फोनमध्ये माझं बोट घालायचं? आपल्याला असलं शिकवलेलं नाही. मी अदबीने 'माझ्यापुरतं' दाबलं. निरोप दिसेनासा झाला. मी बिस्मिल्ला म्हणून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले.

दहा मिनिटांनी पोनिरामावशी डोक्यावर तांदळाची टोपली घेऊन रडत फाटकातून आत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मला वाटलं, तिच्याच घरी काहीतरी झालं. मीही रडले. पाव तास आम्ही दोघी एकमेकींच्या माणसासाठी रडत होतो. मी तिला म्हटलं, "धीर धर." ती मला म्हणाली, "तू धर." तेवढ्यात आळीतल्या पोरींनी चुली पेटवल्या, गल्लीच्या तोंडावर पांढरं निशाण लागलं, मंडपाचे बांबू आले, मशिदीतून जनाज्याची खाट आली, आणि सास्त्रोआजोबा काठी टेकत ओसरीवर येऊन माझ्यासमोर बसले. नव्वद वर्षांचा माणूस. डोळे मिटून त्यांनी तुझ्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता तू म्हणशील, तेव्हाच सांगायचंस. आपली बोलायची रीत तू विसरलास, कांग. सास्त्रोआजोबा बोलत असताना त्यांना मध्येच सांगायचं, की तुम्ही म्हणताय ते खोटं आहे? आपल्याकडे मोठ्या माणसाला 'नाही' म्हणता येतं का? मी मान खाली घालून 'इंग्गिह' म्हटलं. हो जी. ते म्हणाले, "अचानक झालं म्हणायचं." इंग्गिह. वागिमान म्हणाले, "दोनपर्यंत विमान पोचेल ना?" इंग्गिह. कुदळवाल्यांपैकी एकाने फाटकातून ओरडून विचारलं, "कांग हल्ली जाड झालाय का? म्हणजे त्या मापाने खोदतो." मी म्हटलं, "इंग्गिह, फोटोत तरी दिसतो." प्रत्येक इंग्गिहसरशी तू आणखी मरत होतास आणि मला थांबवता येत नव्हतं.

आणि लोक तुझं कौतुक करत होते! हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. "असा मुलगा मिळणार नाही. आईला काही कमी पडू दिलं नाही. दर ईदेला काही ना काही यायचं." ज्या बाईच्या पायाला रोज तेल मी लावते, तिला काही कमी पडू दिलं नाही म्हणे! मी तिथेच उठून ओरडणार होते की हा माणूस जिवंत आहे आणि कौतुकाच्या लायकीचा नाही. पण आजोबा बसलेले होते.

शेवटी मी चुलीपाशी जाऊन पोनिरामावशीच्या कानात खरं सांगितलं. हळू सांगितलं. मावशीचा आवाज तुला आठवत असेल. ती डाव उगारून किंचाळली, "म्हणजे तो मेलाच नाही?" पाऊणशे माना माझ्याकडे वळल्या. कोणी माझ्यावर रागावलं नाही, आणि तेच सहन होत नव्हतं. वागिमान नरमाईने म्हणाले, "फोन लावून बघ, म्हणजे सगळ्यांच्या मनाला बरं." मी लावला. वाजला, वाजला, आणि बंद झाला. लगेच फोन थरथरला आणि तुझा निरोप आला. चष्मा वागिमानांकडे होता, त्यांनी मोठ्याने वाचला: "मी सध्या कामात आहे. नंतर बोलतो." सास्त्रोआजोबा विचार करून म्हणाले, "कामात आहे म्हणजे जिवंतच असावा. पण आमच्या वेळी माणूस स्वतः सांगायचा."

तू नंतर बोलतो म्हणालास त्याला आज चार दिवस झाले.

खड्डा मात्र खोदून झाला होता, बापूंच्या कबरीशेजारी, चांगला ऐसपैस. रिकामा ठेवला तर तो कोणाला तरी मागून घेतो असं म्हणतात, तेव्हा परसातली केळ तोडली, तिचा खुंट पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि तुझ्या जागी पुरला. भात शिजला होता, तेम्पे माझं होतं, तो वाया कसा घालवायचा? तुझ्या दीर्घायुष्यासाठी दुवा मागून पाऊणशे माणसं जेवली. त्या दिवसापासून मला गल्लीत मान वर करता येत नाही. निरोप कळवायचं काम वागिमानांनी फार गोड बोलून परत घेतलं. फोनला मी हात लावत नाही, तो सिम्बोकच्या उशाशी ठेवून दिलाय, म्हणून हे पत्र कागदावर.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला आपल्या माणसांना वेळ देता येत नाही त्याने वेळ वाचवायची यंत्रं पाठवू नयेत. वाचलेल्या वेळात मी काय करू? तुझी वाट बघू? ती यंत्रं नव्हती तेव्हाही बघत होतोच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर माफी मागायची रीत आहे. या खेपेला मागत नाही.

तुझी बहीण,
वार्सिनी

ता. क. भांडी घासायचं यंत्र निघालं असेल तर वाटेत अडव. दोन माणसांची मिळून चार भांडी होतात.

ता. क. दुसरा. सिम्बोकला काही कळलं नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. पोनिरामावशीचं रडणं तिला ऐकू गेलं होतं. मी ओसरीवर इंग्गिह इंग्गिह करत असताना ती मागे उठली, आंघोळ केली, उरलेलं तपकिरी बाटिक नेसली, केसांना तेल लावून अंबाडा घातला. मग खराटा घेऊन फाटकापासून उंबऱ्यापर्यंत अंगण झाडलं, एकटीने, कोणाला हात लावू दिला नाही. मला वाटलं, धक्क्याने असं करतेय. जवळ गेले तर मला विचारलं, "कधी आणतायत त्याला?" सगळं निस्तरल्यावर मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, "सिम्बोक, तो जिवंत आहे! समारिंडात आहे, दुकानात आहे!" तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "म्हणजे येत नाही तर." आणि अंबाडा सोडून आत गेली.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे एवढ्याचसाठी पत्र लिहायला बसले. रोज सकाळी तुझ्या गर्दीच्या वेळी माझ्या नंबरवरून जे फोन येतात ते माझे नाहीत. मी फोन शिकत होते तेव्हा सिम्बोक शेजारी बसलेली असायची. तिने बघून बघून एवढंच उचललं: तुझा फोटो दाबायचा, मग हिरवं बटण. तिला बोललेलं ऐकू येत नाही आणि लिहिलेलं वाचता येत नाही. थोड्या वेळाने तुझं ते 'कामात आहे' येतं, फोन तिच्या हातात थरथरतो, आणि ती म्हणते, "ओ दिली बघ त्याने." मग ती चहा घेते. मी तिला काय लिहिलंय ते सांगितलेलं नाही. कांग, ईदेला ये. आणि येणार नसशील तर निदान ते 'कामात आहे' बंद करू नकोस.