आता पुलावरून ये

प्रिय एस्पेरांसा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. आपल्या बेटाला पूल झाला गो. फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा, रिक्षासुद्धा चढत नाही. शाळेची पोरं घंटी वाजवत सुसाट जातात, मासेवाल्या मधल्या बाकावर टोपल्या टेकवून गजाली मारतात. पहिल्या दिवशी मी काही काम नसताना तीनदा जाऊन आले. नदी तीच, पण पायाखालचं काही हलत नाही.

तुझ्या लग्नाला चर्चकडे निघालेली होडी उलटली ती बरोब्बर आताच्या चौथ्या खांबापाशी. ओहोटी होती, पाणी कमरेएवढंच. तरी पांढरा झगा गाळाने माखून तू काठावर आलीस आणि म्हणालीस, "परत होडयेत पाय ठेवलंय तर एस्पेरांसा नाव लावचंय नाय." आम्ही हसलो. तू मात्र शब्दाला जागलीस. चौतीस वर्षं म्हापशाहून इकडे फिरकली नाहीस, आई-पप्पांनाही शेवटी तिकडेच नेलंस. तुमच्या अंगणातल्या क्रूसाजवळ मे महिन्याच्या सणाला मेणबत्ती मी लावते, तू सांगून गेलीस तशी. वाऱ्याने विझते म्हणून करवंटीत ठेवते. माझी सासू आधी कुरकुरायची, मग स्वतःच काड्यापेटी आणून द्यायला लागली.

होडी उलटल्याचा सगळा दोष होडीवाल्या दाजीच्या माथी आला. लग्नाचं वऱ्हाड त्याच्या होडीत पुन्हा कोणी बसवलं नाही. पुलाच्या उद्घाटनाला तो काठी टेकत आला, चौथ्या खांबापाशी माझ्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "लक्ष्मी, आता तरी तिका सांग गो."

तर सांगते. तुझ्या डोक्यावरची जाळी मागे पाण्यात लोंबत होती. ती उचलायला मी भर होडीत उभी राहिले. दाजी 'बस, बस' म्हणत होता. होडी माझ्यामुळे कलंडली, एस्पेरांसा. मी भीतीने गप्प बसले, आणि तो भला माणूस माझ्यासाठी गप्प बसला. फार लाज वाटते. त्या मेणबत्त्यांतल्या निम्म्या मी या चुकीपायीच लावल्या.

आता हवं तेवढं रागाव, पण इथे येऊन, तोंडावर रागाव. सणाच्या दिवशी सकाळपासून दाजी आणि मी पुलाच्या टोकाशी बसून राहणार आहोत. मेणबत्ती आणली आहे, करवंटीही घासून ठेवली आहे. पण यंदा ती मी लावणार नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
लक्ष्मी