चकलीचा वास

सौ. यमुताई,

माझ्या मुन्नीला कांजण्या आल्या आहेत. तुमच्या आई म्हणतात, माता आली. माता घरात असताना कढई चढवायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. पण दिवाळीत तळणाचा वास नाही, तर जमलेल्या पाहुण्यांना संशय येईल. म्हणून आज त्यांनी स्वतः चकल्या तळल्या आणि मुन्नीला मागच्या खोलीत कोंडलं.

"यमूले सांगू नको वं, भाऊबीजेले येणार नाही थे," म्हणाल्या.

पोटुशी असलेल्या लेकीला असं बोलावताना आईचं काळीज कसं कापत नाही?

दिवाळीचं टपाल बंद आहे, हे तुम्हाला टपालानं पोचणार नाही. उद्या स्टँडवर मीच येईन आणि ही चिठ्ठी कंडक्टरच्या हाती तुम्हाला देईन. तिथूनच काटोलला परत फिरा. मी लांबूनच हात करीन, गळ्यात पडायला येऊ नका. रात्री मुन्नी माझ्याच कुशीत झोपते.

तुमची वहिनी,
तारा