कमरपट्टीतला टाका

अहो,

मी शिलाई कारखान्यात गेलेय. सुट्टी मिळाली असती, मीच मागितली नाही. दारात उभं राहून हात हलवणं मला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे.

डबा ओट्यावर आहे. प्रवासात राखाडी पँटच घाला. तिच्या कमरपट्टीत आतून चोरखिसा केलाय, त्यात परतीच्या तिकिटापुरते पैसे आहेत. त्याचं तोंड मी शिवून टाकलंय. उघडं ठेवलं असतं तर पहिल्याच आठवड्यात तुम्ही कुणाची तरी नड भागवली असती.

बाकीचे पैसे एकाच पाकिटात कोंबू नका. चारचौघांत अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजत बसू नका. नोटा बँकेतच बदला. रस्त्यावर जास्त भाव देणारा आपला कुणी सगा नसतो. मुकादम "माझ्याकडे ठेव" म्हणाला तरी पासपोर्ट हातचा सोडू नका. त्याची एक झेरॉक्स बॅगेच्या अस्तरात आहे, एक माझ्याकडे. आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाला तासाभरात सोयरा करून घेऊन पगार सांगू नका.

पोहोचल्यावर फोन करा. महाग पडेल म्हणून मिस्ड कॉलवर भागवू नका, मला आवाज ऐकायचाय.

तुमची उशी मी आत्ताच माझ्या बाजूला ओढून ठेवलीय. उगाच जागेवर ठेवू नका.

तिकडे काही बिनसलं, तर तो टाका दातांनी तोडा आणि सरळ घरी या. सगळं नीट झालं, तर तसाच घेऊन या. कात्री माझ्याकडे आहे.