बिनमिठाचे नऊ दिवस

सेबू,
१२ फेब्रुवारी १९८८

ती. मानोय पिलो यास,
सा. न. वि. वि.

नानाय बोटीने घरी सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. जत्रेला इथे आली होती तेव्हा मी तिला आमच्या डॉक्टरांना दाखवलं, हे तिने तुला सांगितलं नसणार, म्हणून मीच कळवते. तिचा रक्तदाब माडावर चढून बसलाय. लघवी सुटण्याची गोळी दिली आहे, रोज सकाळी एक. गोळ्या तिच्या पिशवीत जपमाळेखाली सापडतील.

मुख्य म्हणजे मीठ बंद. गिनामोसची बरणी तिच्या नजरेआड कर. तीन बोटं खारवलेली मासळी चाटून ती अख्खं ताट भात संपवते, मी पाहिलंय. सुके मासे घरात आणू नकोस. पाणी मात्र दिवसाला आठ पेले पाज. ती कुरकुरेल, वारलेल्या तातायची आठवण काढून रडेल, ऐकू नकोस. आई म्हणून जन्मभर तिने आपल्याला दामटलं, आता आपली पाळी. तुझं मन लोण्याचं, तेव्हा हे काम लुर्दिता वहिनीवर सोपव.

ईस्टरला येणं जमेलसं दिसत नाही, वॉर्डात माणसं कमी आहेत.

कळावे. राग आला तर येऊ दे, लोभ मात्र कमी करू नकोस.
तुझी बहीण,
सेंदा

---

सिकिहोर,
२ मार्च १९८८

चि. इंदाय सेंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हुकमाची अंमलबजावणी झाली. लुर्दिताने गिनामोसची बरणी शेजारच्या तिया बासिंगकडे पोचवली, तेव्हा नानाय अंत्ययात्रेला निघावं तशी कुंपणापर्यंत मागोमाग गेली. रोज जेवताना तिचं एकच पालुपद: अंगात त्राण नाही, पोटात ढवळतं, ही गोळी मला सोसत नाही, चिमूटभर तरी मीठ द्या. आम्ही दगड झालो आहोत.

आता खरी बातमी. सोमवारपासून नानायला माणसं दिसतात. वीतभर उंचीची, टोप्या घातलेली. भाताच्या मडक्याच्या काठावर ओळीने बसतात म्हणे. ती घाबरलेली नाही, उलट पाय पुसून आत या म्हणून त्यांनाच दटावते. घाबरली आहे ती लुर्दिता. हल्ली ती स्वयंपाकघरात शिरताना आधी खोकते.

मी आपल्या वैद्यांना, तियो गौडेन्सियोंना बोलावलं. नाक मुरडू नकोस. तुझ्या सेबूचे शिकलेले लोकच बोटी भरभरून आपल्या बेटावर औषधाला येतात. त्यांनी पेल्यातल्या पाण्यात बांबूच्या नळीने फुंकर घातली, पाणी गढूळ झालं, आणि त्यांनी विचारलं की झाडाला हात कोणी लावला. डुकराच्या खुराड्यासाठी मागच्या वडाची फांदी मीच तोडली होती, तीही परवानगी न मागता. त्यामुळे झाडात राहणारे 'आपल्यातले नसलेले' रागावलेत. नऊ दिवस त्यांना कोंबडी-भात वाढायचा, तोही अळणी, कारण मीठ त्यांना झोंबतं. आणि त्यांनी दर्शन दिलं ते नानायला, म्हणून तिने त्यांच्या पंगतीला बसून तेच जेवायचं. शिवाय पाल्याचा काढा, रोज तीन पेले.

बघ, तुमचा डॉक्टर आणि आमचा वैद्य यांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. मला तर हा शुभशकुनच वाटतो.

काळजी करू नकोस असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.
तुझा मानोय,
पिलो

---

सेबू,
८ मार्च १९८८

ती. मानोय पिलो यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. म्हातारपणी एकाएकी असं काही दिसायला लागलं तर त्याला दहा कारणं असतात, पण त्यांत वडाची फांदी नसते. तेव्हा मी विचारते त्याची नीट उत्तरं लिही. ताप आहे का? लघवीला जळजळ होते का? म्हाताऱ्या माणसांचं डोकं तेवढ्यानेही फिरतं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय का? नजर अधू झाली की डोकं आपलं आपण चित्रं काढत बसतं. वहिनीने झोपेची किंवा सर्दीची एखादी गोळी दिली का? आणि तुझ्या माडीच्या घागरीपर्यंत नानायचा हात पोचत नाही ना? पाणी कमी पडत असेल तर आठाचे दहा पेले कर. रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस.

यातलं काहीच नसलं तर मात्र मन घट्ट कर. नानायची बुद्धी उतरणीला लागली असं समज. इथल्या मनोरुग्णांच्या वॉर्डात एका खाटेसाठी मी शब्द टाकलाय. १९ तारखेच्या, शनिवारच्या बोटीने तिला घेऊन ये. एकदा दाखल झाली की घरी परत कधी, ते मला सांगता येणार नाही. पण मानोय, घरात कोणीतरी शहाणं असायला हवं.

तियोंनी नकळत एक बरं केलं, मीठ बंद ठेवलं. तेवढं चालू दे.

उत्तर ताबडतोब धाड. भांडणापुरता का होईना, जीव लावून ठेव.
सेंदा

---

सिकिहोर,
१५ मार्च १९८८

चि. इंदाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. ताप नाही. जळजळ नाही. नजर म्हणशील तर गेल्या महिन्यात सुईत दोरा तिने ओवला, लुर्दिताला जमला नाही. दुसरी कुठलीही गोळी नाही, फक्त तू दिलेली, ती मी रोज स्वतः भरवतो. माडीला तिने स्पर्श केलेला नाही, त्याची हमी मी देतो, कारण ती मी संपवतो. पाणी तुझे दहा पेले आणि तियोंचे तीन.

पण इंदाय, ती बरी नाही. खाल्लेलं उलटतं, पायात गोळे येतात, दिवसभर गुंगीत पडून असते. रविवारी ताताय समोरच्या खुर्चीत बसलेत म्हणून तिने त्यांच्यासाठी ताट मागितलं. काल न्हाणीत पडली. लुर्दिताला मावशीच्या नावाने हाक मारते, ती मावशी जाऊन वीस वर्षं झाली.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. आम्ही पंगतीचं पथ्य मोडलं. गुरुवारी लुर्दिता चर्चला गेली असताना तिया बासिंगने दया येऊन नानायला गिनामोस-भात भरवला, आणि वर दोन सुके मासे. गंमत म्हणजे शुक्रवारी नानाय अगदी भानावर होती. कौलं कोणी शाकारली, डुक्कर व्यालं का, सगळं विचारलं. तियो मात्र भडकले. म्हणाले, मीठ पोटात गेलं, आता पाहुणे दुप्पट चिडणार. मग पुन्हा पहिल्यापासून नऊ दिवस मांडले, आणि खरंच, रविवारी तातायसुद्धा आले.

शनिवारच्या बोटीची तिकिटं काढलीत. तिचं गाठोडं बांधताना लुर्दिता रडली. मी रडलो नाही, असं तियोंना सांगितलंय.

पिलो

---

सेबू,
१७ मार्च १९८८

मानोय,

मायन्याला वेळ नाही. हे पत्र बोटीच्या तांडेलाच्या हातून पाठवतेय, मिळताक्षणी वाच.

तुझं पत्र मी आमच्या म्हाताऱ्या मेट्रन माना चोलेंग यांना दाखवलं. खरं तर त्या टोपीवाल्यांवर दोघींनी मिळून हसावं म्हणून. त्या हसल्या नाहीत. सुक्या माशांची ओळ दोनदा वाचली आणि मला विचारलं, की लघवीची गोळी देऊन, मीठ तोडून, वर तेरा पेले पाणी ओतलंस तर त्या बाईच्या रक्तात काय उरलं असेल? मी पंधरा वर्षं नर्स आहे, मानोय. मला उत्तर येत होतं. प्रश्नच सुचला नव्हता.

गोळी आजपासून बंद. पाणी पाजणं बंद. सेबूला आणू नकोस, समोरच्या किनाऱ्यावर दुमागेतेच्या इस्पितळात ने, आजच. रक्तातलं मीठ तपासा म्हणून सांग. घाईने घरी मूठभर मीठ चारू नकोस, एकदम वाढलं तर तेही जिवावर बेततं. ते लोक हळूहळू भरून काढतील.

तिला काही झालं तर ते वडावरच्या कोणी केलेलं नसेल. ते मी केलेलं असेल.

सेंदा

---

सिकिहोर,
२७ मार्च १९८८

चि. इंदाय सेंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

नानाय घरी आली, स्वतःच्या पायांनी. रक्तातलं मीठ तळाला गेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चार दिवस नळीतून थेंब थेंब सलाईन दिलं आणि मला बादल्या बादल्या बोल. तिसऱ्या दिवशी नानायने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, गेले वाटतं सगळे. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची दुसरी गोळी दिली आहे आणि मीठ बेताने खायला सांगितलंय.

इकडे मात्र श्रेयाची पंगत बसली आहे. तियो गौडेन्सियो गावभर सांगतात, मीठ त्यांना झोंबतं हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डॉक्टरांनी ते थेट शिरेत घातलं, मग ते टोपीवाले कशाला थांबतात! पवित्र आठवडा आला, त्यांच्या दारात सेबूच्या पाहुण्यांची रांग दुप्पट आहे. पाद्री म्हणतात, त्यांनी कपाळाला लावलेल्या पवित्र तेलाने झालं. लुर्दिता म्हणते, तिच्या नवसाने. तिया बासिंग मात्र बरणी परत द्यायला दिवसातून दोनदा येते.

स्वतःला फार दोष देऊ नकोस. भरवत तर मीच होतो. नानाय शांत आहे, जरा जास्तच. तुला पत्र लिहायला म्हणून कागद मागितलाय.

तुझा मानोय,
पिलो

---

सिकिहोर,
५ एप्रिल १९८८

चि. सेंदा आणि चि. पिलो,
दोघांना उदंड आशीर्वाद.

एकच मजकूर दोनदा लिहिलाय. सेंदाची प्रत टपालाने, पिलोची त्याच्या उशीखाली.

माझी तब्येत चांगली आहे. मला कोणी बरं केलं यावर ईस्टरच्या जेवणात तीन मतं पडली. मी सगळ्यांचे आभार मानले, म्हणजे कोणी उपाशी उठायला नको. त्या वॉर्डातल्या खाटेचंही मला गाठोडं बांधलं तेव्हाच कळलं होतं. दुमागेतेच्या बोटीत पिलोचं मनगट मी एवढं घट्ट का धरलं होतं, ते त्याला समजलं नाही. तेवढ्या गुंगीतही मला वाटत होतं की ही बोट सेबूचीच. मी फार घाबरले होते, मुलांनो. तुमच्या तातायना पुरलं त्या दिवशीही एवढी घाबरले नव्हते.

सेंदा, तू तीन पानं भरून माफी मागितलीस. माफ केलं. तू मीठ तोडलंस त्याचा मला राग नाही, शिकलेल्या माणसाला काहीतरी तोडावंच लागतं. पण एक गोष्ट तुम्हा दोघांनाही अजून उमगलेली दिसत नाही. एकाहत्तर वर्षं या शरीरात मी राहते. फेब्रुवारीत, पूर्ण शुद्धीत, रोज दोन वेळा मी सांगत होते, की अंगातलं बळ चाललंय, गोळी सोसत नाही, मीठ हवंय. तेव्हा मी कुरकुरी म्हातारी होते. मग एके सकाळी मडक्यावर माणसं बसलीत असं म्हणाले, तर वैद्य आला, कोंबडी कापली, सेबूहून पत्रं सुटली, सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत बसलं. जे होतं ते मी सांगितलं तेव्हा कोणी मान वर केली नाही, आणि जे नव्हतं त्यासाठी पानं वाढलीत.

तुमच्यावरचा लोभ तुम्ही जन्मलात त्या दिवशीच पुरता भरला, त्यात वाढीला जागा नाही. तेव्हा उत्तरात एवढंच कळवा: पुढच्या वेळी मला काही झालं, तर मी स्वतः सांगू, की टोपीवाल्यांकरवी निरोप धाडू?

तुमची,
नानाय